परातीच्या काठावरचं नाव

सोनूकाका, रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला पाच जणांनी भाषणं केली आणि पाचही जणांनी तुम्हाला शास्त्रज्ञ करून टाकलं. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेतले मोठे शास्त्रज्ञ! तुम्ही ऐकत असतात तर विहाराच्या मागच्या दारानं उठून गेला असतात. मीच एकदा शाळेत तुमची तशी ओळख करून दिली होती, तेव्हा भर वर्गात मला खोडून काढलंत. "बाई कायतरी सांगतायत. मी तिथं तीस वर्सं बाटल्या धुतल्या." मुलं हसली, मी लाजले आणि तुम्ही मात्र खुशीत होतात.

मंडळाची माणसं मलाही बोल म्हणत होती. मी उठले नाही. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, आणि मला जे सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर सांगायची हिंमत सहा वर्षांत झाली नव्हती, ती त्या दिवशी कुठून होणार? म्हणून हे लिहितेय. तुम्हाला लिहायला सोपं जातं, कारण तुम्हाला सगळं आधीच ठाऊक आहे.

तुम्ही रिटायर होऊन वाडीत आलात तेव्हा मी हायस्कूलमध्ये नुकती विज्ञान शिकवायला लागले होते. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आमच्या प्रयोगशाळेत एक कपाट, दोन टेबलं आणि झाकणं घट्ट बसलेल्या बाटल्या. तुम्ही आलात ते पहिल्या दिवशी बाटल्यांची झाकणं सैल करत बसलात आणि मला म्हणालात, "बाटली उघडत नसंल तर शिकवतेस काय गो?" मला राग आला होता. मी बीएस्सी झालेली, आणि हे मला शिकवणार! पण दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या उघडत होत्या.

मग एके दिवशी तुम्ही घरून एक पितळी पळी घेऊन आलात. तिच्या दांड्यावर काकूंचं नाव ठोकलेलं होतं. मुलांच्या देखत तुम्ही ते कानशीनं तासून टाकलंत, इतकं की बोट फिरवलं तरी काही लागेना. मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, पार आरसा होईपर्यंत. मग फेरिक क्लोराइडच्या बाटलीतलं थोडं पाणी, त्यात जरासं अॅसिड, कापसाचा बोळा, आणि हळूहळू पुसणं. "घासायचं नाय," तुम्ही मुलांना सांगत होतात, "तान्ह्या पोराचं तोंड पुसतो तसं." आणि पाच मिनिटांनी त्या कोऱ्या दांड्यावर काकूंचं नाव हळूच वर आलं. मागच्या बाकावरची मुलं बाकावर चढली. मीही टाचा उंचावून बघत होते.

तुम्ही समजावून सांगितलंत ते मी अजून वर्गात तसंच सांगते. छिन्नीनं नाव ठोकलं की ते दिसतं तेवढंच नसतं, ठोक्याखालचा धातूही दबतो. वरचं तासलं तरी खालची दबलेली जागा तशीच राहते आणि अॅसिड तिला आधी खातं. "अंगणात खुंट ठोकून काढला नि वरनं सारवलंस, तरी पावसात खड्डा तिथंच पडतो का नाय?" चोरीच्या सायकली, बंदुका, इंजिनं, सगळ्यांचे नंबर तुमच्या हाताखालून असे वर आले होते. मी विचारलं होतं, "काका, कधी येतच नाही असं होतं का?" तुम्ही म्हणालात, "तापवलं तर. चांगलं लाल तापवलं की धातू सगळं इसरतो. मग देव आला तरी वाचता येत नाय."

हे तुम्ही मला शिकवलंत, सोनूकाका. म्हणून जे पुढं झालं त्यात माझ्या अज्ञानाचा काही भाग नव्हता.

मंडळाची मोठी परात हरवली ती पुढच्या जयंतीच्या आठवड्यात. वाडीला त्या भांड्यांचं काय मोल होतं ते तुम्हाला सांगायला नको. वरच्या वाडीनं कधी आपल्याला लग्नाकार्याला भांडी दिली नाहीत, म्हणून मुंबईला गिरणीत-गोदीत असलेल्या आपल्या माणसांनी ती एकेक करून पाठवली. प्रत्येकावर ‘बौद्धवाडी मंडळ’ ठोकलेलं. आणि त्या खोलीची किल्ली वीस वर्षं बाबांच्या करगोट्याला. ते आंघोळीलाही ती सोडत नसत. जयंतीची भांडी काढायला कुलूप उघडलं तर परात नाही.

मुंबईहून मंडळाचे सेक्रेटरी आलेले होते. तावातावानं बोलणारा माणूस. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की भांडी सांभाळणाऱ्याच्या घरात, लेकीच्या लग्नाच्या भांड्यांत, अशीच एक परात आलीय. चार माणसं घेऊन ते आमच्या पडवीत उभे राहिले. आईनं परात काढून दिली. त्याच मापाची, पितळेची, आणि काठावर दीड वीत जागा तासलेली.

"हे कुणी तासलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाबा म्हणाले, "घेतली तवाच तशी होती. चिपळुणास्नं आणली."

आणि दाराआड उभी असलेली मी थंडगार पडले. कारण ते खोटं होतं. आठ दिवसांपूर्वी मी शाळेतून लवकर आले होते तेव्हा मागच्या दारच्या धोंडीवर पिवळा चुरा पडलेला होता, आणि मला बघून बाबांनी हातातली कानस पाठीमागे धरली होती. काय करताय विचारलं तर म्हणाले, विळ्याला धार लावतोय. विळ्याचा चुरा पिवळा नसतो हे मला कळत होतं, पण तेव्हा मी हसून सोडून दिलं.

सेक्रेटरी पोलिसांत जायची भाषा करायला लागले तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. "पोलीस तरी काय करतील? मुंबईला धाडतील, नि मुंबईत माझ्यासारकाच कोणतरी बोळा घिऊन बसंल. त्यापरीस मीच बगतो. परवा सकाळी, विहाराच्या अंगणात, सगळ्यांच्या म्होरं." परात तोवर कुठं ठेवायची यावर वाद झाला. तुम्ही म्हणालात, "त्याच्याच घरी ऱ्हाऊंदे. माझा त्याच्यावर भरवसा हाय."

त्या एका वाक्यानं मला झोपू दिलं नाही. बाबांवर तुमचा भरवसा होता. माझा नव्हता. माझ्या बाबांनी मंडळाची परात माझ्या लग्नासाठी घरात ठेवून घेतली, असं मी त्यांची मुलगी असून धरून चालले होते. मला त्यांना विचारता आलं असतं. एक प्रश्न. तो विचारायचं सोडून मी त्यांना वाचवायला निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले. आई कपडे धुवायला पऱ्याच्या पाण्यावर गेली होती, बाबा रानात. मी चुलीत नारळाच्या करवंट्या भरल्या, फुंकणीनं फुंकून निखारे पांढरे केले आणि परातीचा तासलेला काठ त्यावर धरला. एका बाजूनं सुरुवात केली, सरकवत न्यायचं ठरवून. पितळाची धग किती लवकर हाताला येते हे पुस्तकात वाचलं होतं, हाताला ते त्या दिवशी कळलं. फडकं जळलं, दोन बोटं परातीला चिकटली, आणि तेवढ्यात अंगणात आईची चाहूल लागली. जेमतेम अर्धी जागा झाली होती. परात मोरीत टाकली, चिंच आणि राख लावून घासली, काळं-जांभळं सगळं काढलं. आईनं विचारलं तर म्हटलं, उद्या लोकांसमोर जायचीय, जरा लख्ख करते.

ठरल्या सकाळी विहाराच्या अंगणात सारी वाडी जमली होती. बाबा चौथऱ्याला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. शाळेतली बाटली मीच आणली होती. ती तुमच्या हातात देताना तुम्ही माझी बोटं बघितलीत. दोन मोठे फोड. मग परात उचलून उन्हात तिरकी धरलीत, काठावरनं अंगठा फिरवलात. पॉलिश पेपर घेऊन बसलात. डाव्या बाजूला तो पेपर फार सहज धरत होता, मऊ पडलेल्या धातूवर धरतो तसा. ते मलाही दिसत होतं. तुम्ही मान वर केली नाहीत.

बोळा भिजवलात तेव्हा सेक्रेटरी शेजारी येऊन बसले. "सोनूदादा, दिसलं की सांगा."

"मी नाय सांगणार," तुम्ही म्हणालात. "मी पुसणार. वाचायचं तुमी. मोठ्यानं वाचा, नि तिघांना दिसंल तेवडंच वाचा."

प्रयोगशाळेतली तुमची रीत. तिथं परिचरानं पुसायचं आणि साहेबानं वाचायचं. यावरून आपण पुढं किती भांडलो, काका! मी म्हणायचे, तीस वर्षं अक्षर आधी तुम्हाला दिसायचं आणि सही मात्र दुसऱ्याची, हा अन्याय नाही का? तुम्ही म्हणायचात, अन्याय बढतीत झाला, वाचण्यात नाय. पुसणाऱ्यानंच वाचलं तर त्याला पायजे तेच दिसतं. मला ते पटलं नव्हतं. सहीचं अजूनही पटत नाही. पण दुसरं वाक्य मला जन्मभर पुरेल, कारण त्या सकाळी माझ्याएवढं चुकीचं वाचून बसलेलं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

तुम्ही उजव्या टोकानं सुरुवात केलीत. कुणीतरी विचारलं, उलटीकडनं का? "माजी पद्धत हाय," तुम्ही म्हणालात. पळीवर तुम्ही डावीकडून केलं होतं, ते मला आठवत होतं. तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळलंय.

कितीतरी वेळ काही नाही. तुम्ही पुसत होतात, थांबत होतात, फुंकर घालत होतात, पुन्हा पुसत होतात. मग सेक्रेटरी वाकले. आणखी दोघं वाकले.

"न," सेक्रेटरी म्हणाले. आवाज जरा उतरला होता. मंडळाच्या भांड्यांवर शेवटचं अक्षर ‘ळ’ असतं, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्होरं वाचा."

"डू… क… या, नाही, त्या." त्यांनी घाम पुसला. "आत्याकडून."

बायकांत कुजबुज झाली. तुम्ही पुसतच होतात. ‘हिस’ आलं. त्याच्या आधी ‘नी’ आलं. आणि त्याच्याही आधी, डावीकडे, नुसतं पिवळं लख्ख पितळ. तुम्ही तिथंही पाव तास बोळा फिरवलात. काही आलं नाही.

"हितलं गेलंय," तुम्ही म्हणालात. "तापलेली हाय." कधी तापली ते तुम्ही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. खोटं एक अक्षर बोलला नाहीत, आणि मला उघडंही पाडलं नाहीत.

मग बाबा चौथऱ्यापासून पुढं आले. सगळ्या वाडीसमोर, मान खाली घालून त्यांनी सांगितलं की परात मोडीत घेतलेली, जुनी, कुणा दुसरीच्या लग्नातली. नवी झेपली नाही. "लेकीच्या लग्नात दुसऱ्या पोरीच्या नावाची परात कशी मांडू? म्हनून तासली. नि लाज वाटली म्हनून खोटं बोललो." बस्स, एवढंच होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना निर्दोष ठरवणारी जी अक्षरं होती, त्यातली अर्धी मी माझ्या हातानं जाळली होती. आईला पऱ्यावर जरा उशीर झाला असता तर उरलेलीही जाळली असती. मग काठ कोरा राहिला असता, आणि बाबा आयुष्यभर चोर राहिले असते. माझ्यामुळे.

मंडळाची परात पुढं पंधरा दिवसांनी सापडली. वाडीतल्या आधीच्या एका लग्नातून परत आलीच नव्हती. भाताच्या कणगीवर झाकण म्हणून बसली होती, तीही सेक्रेटरींच्याच आईच्या घरात. भांडी मोजून घेताना बाबांनी तिच्या जागी दुसरंच काही मोजलं होतं. तुम्ही तेव्हा हसून हसून खोकलात. पण सेक्रेटरी बाबांच्या पाया पडायला आले तेव्हा तुम्हीच त्यांना चहा करून दिलात.

त्या सकाळी सगळे पांगल्यावर तुम्ही मला तुमच्या पडवीत बोलावलंत. मला वाटलं, आता ऐकायचं. तुम्ही कोरफडीचं पान चिरलंत आणि माझी बोटं धरून त्याचा गर लावत बसलात. मग म्हणालात, "बापाला सांग."

"नाही सांगू शकत, काका."

"आज नको. पन सांग."

ते आपलं खरं भांडण. सहा वर्षं चाललं. लग्न होऊन मी लोट्याला कंपनीच्या वसाहतीत राहायला गेले, पण सुट्टीत वाडीत आले की तुम्ही आधी माझ्या मुलीचं विचारायचात, मग यांच्या कंपनीतल्या पाळीचं, आणि निघताना हळूच, "सांगितलंस काय?" मी रागवायचे. म्हणायचे, त्यांना सांगून काय मिळणार? म्हातारपणी दुखवायचं का त्यांना? तुम्ही म्हणायचात, "त्याचं मी बगतो. तू तुजं सांग." याचा अर्थ मला कधी कळला नाही. शेवटचं भेटले तेव्हा तुमचा आवाज पार खोल गेला होता, तरी ओठ हलले ते त्यासाठीच. मी म्हटलं, "सांगते." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. माझ्यावर विश्वास नव्हता असं वाटलं, आणि तो नसावाच.

ती परात माझ्याकडे आहे. तिच्यावर मी माझं नाव घालू दिलं नाही. काठ उन्हात धरला की ‘नी हिस आत्याकडून’ अजून पुसट दिसतं. शालिनी होती की मालिनी की नलिनी, कोण जाणे. पीठ मळताना कधीतरी तिची मनातल्या मनात माफी मागते.

काल मी आणि बाबा चिपळूणला गेलो होतो. तुमच्या आठवणीला मंडळानं नवी परात घ्यायची ठरवलंय. किल्ली अजून बाबांकडेच, त्यामुळे निवडायचा मान त्यांचा. त्यांनी दुकानातल्या सगळ्या पराती वाजवून बघितल्या. नाव घालणारा माणूस विजेचं मशीन घेऊन बसला होता. म्हणाला, "आजोबा, दोन मिनिटांत घालून देतो."

"मशिनीनं नको. छिन्नी-हातोडीनं घाल. खोल."

"आता कोण ठोकत बसतं? दिसायला मशीनच छान."

"दिसायला नाय रे," बाबा म्हणाले. "छिन्नीनं ठोकलेलं तासलं तरी खाली ऱ्हातं. फकस्त तापवायचं नाय, म्हंजे झालं."

कुरबुर करत त्यानं हातोडी शोधायला घेतली. मी बाबांकडे बघत राहिले. ते परातीचा काठ धोतरानं पुसत होते. दुकानात गिऱ्हाईकं होती, बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता. असं बोलायची ती जागा नव्हती. तरी मी बोलले.

"बाबा, ती परात मी तापवली होती."

"व्हय," ते म्हणाले. "म्हायत हाय."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सोनूनं. त्याच दिवशी सांजच्याला. म्हनला, पोरीनं तुज्यासाटी हात भाजून घेतला, रागावू नको. नि इचारू पन नको. ती येऊन सांगंल तवा सांगंल." त्यांनी परात ठोकणाऱ्याच्या पुढ्यात सरकवली. "लय वर्सं लावलीस गो."

म्हणजे तुम्ही सहा वर्षं जे विचारत होतात ते बाबांसाठी नव्हतं, काका. त्यांचं तुम्ही पहिल्याच दिवशी बघितलं होतं. त्यांना रागावायला जागा ठेवली नाहीत, मला बोलायला मात्र वाट मोकळी ठेवलीत, आणि तिच्या तोंडाशी शेवटपर्यंत बसून राहिलात. तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. कोरफड लावलीत तेव्हाही नाही. आज मानते. फार उशिरा, पण पोटातून मानते.

कारागिरानं कागदावरचा मजकूर बघून छिन्नी टेकवली. ‘कालकथित सोनू राघो यांच्या स्मरणार्थ, बौद्धवाडी मंडळ’. बाबा परात दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले आणि मला म्हणाले, "मला आता बारीक दिसत नाय. बरोबर घालतोय का बग. तू वाच, मोठ्यानं."

तो एकेक ठोकत गेला आणि मी एकेक अक्षर वाचत गेले. ‘कालकथित’पर्यंत माझा आवाज नीट होता. ‘सोनू’ला तो थांबला. कारागीरही थांबला. बाबा म्हणाले, "ठोक रे, बरोबर हाय."